मिडवेचा वाडा आणि हिंटन आडनावाची दोन घराणी

वाचकहो, अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम न्यूयॉर्क शहर येते, कारण तेथील कोलंबिया विद्यापीठात पूज्य बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले. पण आज मी आपणास त्या शहरापासून पुष्कळ दक्षिणेला, नॉर्थ कॅरोलायना राज्यात घेऊन जाणार आहे. रॅले ही या राज्याची राजधानी. तिच्या पूर्वेला नाइटडेल नावाचे गाव आहे. या गावाजवळ १८४८ साली बांधलेला एक मोठा वाडा होता. होता असे म्हणतो, कारण तो वाडा पडला नाही, जळला नाही, तर चाकांवर बसून दुसऱ्या जागी निघून गेला!

मी स्वतः तिकडे गेलेलो नाही. कारकुनाच्या पगारात विमानाचे तिकीट कोठून येणार? पण या वाड्यावर ‘मूव्हिंग मिडवे’ नावाचा माहितीपट २००७ साली निघाला. आमच्या वस्तीतील चार कुटुंबांनी मिळून तो पाहिला. इंग्रजी समजेना तेथे कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी थांबवून थांबवून अर्थ सांगितला. चित्रपट संपल्यावर सगळे गप्पच होते. म्हणून वाटले, आपल्या वाचकांनाही ही हकिकत सांगावी.

या वाड्याचे नाव मिडवे, म्हणजे अधल्यामधल्या वाटेवरचे ठिकाण. हिंटन घराण्याचे आणखी दोन मळे होते, त्यांच्या मधोमध हे घर, म्हणून हे नाव. हिंटन हे जमीनदार घराणे. इंग्रजांच्या अमलापासून त्यांच्याकडे तेथील जमीन होती. त्यांच्यातील एक जण राज्याचा खजिनदार झाला, त्यानेच हा वाडा आपल्या मुलासाठी बांधला. त्या काळी दक्षिणेकडील मळ्यांवर कापूस, तंबाखू पिके आणि ती पिकवीत आफ्रिकेतून आणलेले गुलाम व त्यांची मुलेबाळे. मळ्यात घाम त्यांचा, स्वयंपाकघरात चूल त्यांची, मालकाच्या तान्ह्या मुलाला जोजवणारे हातही त्यांचेच. पण घराण्याचा इतिहास लिहिताना नावे मात्र मालकांची.

दीडशे वर्षे वाडा एका जागी उभा राहिला. पुढे शहर वाढत वाढत दाराशी आले. समोरच्या हमरस्त्यावर मोटारींची रीघ लागली, आसपास दुकाने झाली. तेव्हा घराचा मालक, जो या माहितीपटाच्या दिग्दर्शकाच्या नात्यातील भाऊ, त्याने ठरविले की जागा विकायची, पण वाडा सोडायचा नाही. तो उचलून काही मैलांवरच्या शांत जागी न्यायचा. २००५ साली हे काम झाले. पायापासून घर सोडविले, खाली लोखंडी तुळया घातल्या, जॅकने सबंध घर वर उचलले, खाली चाके जोडली आणि मुंगीच्या पावलाने ते पुढे नेले. आपल्याला एका चाळीतून दुसऱ्या चाळीत भांडीकुंडी न्यायची तर दोन दिवस अंग दुखते. येथे भिंती, खिडक्या, जिने सगळे एकसंध चालले आहे! हे दृश्य पाहताना आमची मुले टाळ्या वाजवू लागली.

माहितीपट एवढ्यावरच थांबला असता तर तो इंजिनियर लोकांच्या कौतुकाचा झाला असता. पण दिग्दर्शक गॉडफ्रे चेशायर हे मूळचे रॅलेचे आणि चित्रपटांवर टीकालेखन करणारे. आईकडून ते या हिंटन घराण्याचे. वाडा हलणार म्हणून ते कॅमेरा घेऊन गेले, आणि त्यांना आणखी एक हिंटन भेटले. डॉ. रॉबर्ट हिंटन, न्यूयॉर्क विद्यापीठात शिकविणारे काळे इतिहासकार. त्यांचे आजोबा याच मिडवेवर गुलाम म्हणून जन्मले होते! दोघांचे मूळ एकाच अंगणात. एकाचे पूर्वज तेथले मालक, दुसऱ्याचे पूर्वज त्या मालकांची मालमत्ता. डॉ. हिंटन नुसते पाहुणे म्हणून आले नाहीत, चित्रपटाच्या निर्मितीत ते सहभागी झाले. त्यामुळे गोऱ्या माणसाला घरात जे दिसते त्याच्या शेजारीच काळ्या माणसाला काय दिसते, तेही आपल्याला पाहायला मिळते.

मग आणखी एक गोष्ट उघड झाली. घराण्यातील एका मालकाला गुलाम स्त्रीपासून झालेल्या संततीची एक संपूर्ण शाखाच निघाली. शंभराहून अधिक काळे नातेवाईक! घराण्याच्या कौतुकाच्या वंशावळीत त्यांना जागा नव्हती. काळ्या कुटुंबांनी मात्र ही आठवण तोंडोतोंडी जपून ठेवली होती. आजीने नातवाला सांगितले, नातवाने आपल्या मुलाला. कागदाने जे लपविले ते तोंडी आठवणीने जपले.

मी बी.कॉम. झालेला, आयुष्य खतावण्या लिहिण्यात गेलेले. म्हणून तेथील जनगणनेची एक गोष्ट मला फार लागली. अमेरिकेत १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते असत. वर मालकाचे नाव, खाली एकेका ओळीत गुलामाचे वय, स्त्री की पुरुष, आणि रंग. नाव नाही! आपण कचेरीत टेबल-खुर्च्यांची यादी करतो तशी जिवंत माणसांची यादी. डिसेंबर १८६५ मध्ये घटनेतील तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी बंद झाली. त्यानंतर १८७० च्या जनगणनेत या माणसांची नावे पहिल्यांदा सर्रास लिहिली गेली. मुक्त झालेल्या कित्येकांनी जुन्या मालकाचेच आडनाव लावले. म्हणून आज एकाच नावाची गोरी आणि काळी अशी दोन्ही घराणी आढळतात. आपले मूळ शोधणाऱ्या काळ्या माणसाला १८७० च्या मागे जाताना अक्षरशः भिंत लागते. भिंतीपलीकडे जायचे तर मालकाचे मृत्युपत्र नाही तर खरेदीखत धुंडाळायचे. आपली पणजी कोण हे तिला विकल्याच्या पावतीवरून समजायचे, याहून मोठी विटंबना कोणती?

दक्षिणेतील असे वाडे सिनेमा-कादंबऱ्यांनी फार गोड करून दाखविले. पांढरे खांब, झगे घातलेल्या स्त्रिया, हसतमुख नोकर. १९३९ चा ‘गॉन विथ द विंड’ जगभर गाजला. त्याआधी १९१५ च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ने तर काळ्यांना उघड उघड राक्षस ठरविले. ‘मूव्हिंग मिडवे’ या चित्रपटांचीही झडती घेतो. एक मात्र खरे, की दिग्दर्शकाला वाड्याबद्दल माया आहे आणि ती तो लपवीत नाही. माया ठेवूनही खरे बोलता येते, हे त्याच्याकडून शिकण्यासारखे आहे.

वाड्याच्या मूळ जागेवर पुढे दुकानांचे मोठे संकुल उभे राहिले आणि त्याला नाव दिले गेले मिडवे प्लँटेशनचेच. प्लँटेशन म्हणजे गुलामांच्या श्रमावर चालणारा मळा. हा शब्द दुकानाच्या पाटीवर शोभेसाठी लावताना, तो ऐकून कोणाला काय आठवत असेल याचा विचार कोणी केला असेल काय?

आपला आणि या लोकांचा संबंध आजचा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ साली काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले आणि त्यांचे उत्तरही आले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तिचे नावही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले. गुलामगिरी आणि अस्पृश्यता या एकच गोष्टी नव्हेत, बाबासाहेबांनी त्यांतील फरक सविस्तर मांडला आहे. परंतु वाडा आणि वाड्याबाहेरचा माणूस यांचे नाते आपल्याला शिकवावे लागत नाही. पाटलाच्या वाड्यावर लाकडे फोडली, सांगावे पोहोचविले, रात्री जागल्या घातल्या आणि बदल्यात शिळी भाकरी घेतली, ती आपल्याच पणजोबांनी. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले. पण वतनाच्या काळात राबलेल्या आपल्या बायामाणसांची नावे कोणत्या दप्तरात आहेत?

म्हणून एक विनंती. या रविवारी शंभर पानी वही आणा. घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा. तुमच्या आजीचे नाव काय, ती कोणत्या गावची, तिने कोणाच्या वाड्यावर काय काम केले, हे तीन प्रश्न विचारा आणि ऐकाल ते तारीख घालून लिहा. लिहिण्याचे काम मुलीला द्या, तिचे अक्षर आपल्यापेक्षा चांगले असते. उद्या आपल्या गावचा वाडा पडेल, विकला जाईल किंवा त्याचे हॉटेल होईल. तेव्हा तेथे कोण राबले असे कोणी विचारले, तर दाखवायला आपल्या घरात ही वही असली पाहिजे.