पॅनल डॉक्टर ते आरोग्यमित्र

लालबाग-परळच्या चाळीत वाढलेल्या माझ्या पिढीला सरकारी आरोग्य विमा म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. तो घरातच असायचा, फळीवर रेशनकार्डाच्या शेजारी. ईएसआयचं, म्हणजे राज्य कामगार विमा योजनेचं, कार्ड. वडील गिरणीत साचेखात्यात होते. पगारातून थोडे पैसे कापले जायचे, मालक त्याच्या वाट्याचे भरायचा आणि त्या बळावर घरातलं कुणी आजारी पडलं की पाऊल आपोआप पॅनल डॉक्टरकडे वळायचं.

मुंबईत या योजनेची पद्धत अशी होती की वस्तीतल्याच खासगी डॉक्टरांना सरकारने पॅनलवर घेतलं होतं. कामगाराने आपला डॉक्टर निवडायचा आणि त्याच्याकडे नाव नोंदवायचं. आमच्या डॉक्टरांचा दवाखाना चाळीच्या नाक्यावर होता. एक लाकडी बाक, पडद्यामागे तपासायचं टेबल, कोपऱ्यात कंपाउंडर. पहिली पाळी सुटली की बाक भरून रांग फुटपाथवर यायची. केसांत, भुवयांत रुईचे तंतू अडकलेली माणसं तशीच तिथे येऊन बसायची. डॉक्टर नावाने हाक मारायचे, कारण कोण कुठल्या गिरणीत, कुठल्या खात्यात आहे आणि कुणाचा खोकला किती जुना आहे, हे त्यांना पाठ होतं. औषधाची चिठ्ठी ठरलेल्या केमिस्टकडे द्यायची आणि गोळ्या घेऊन घरी यायचं. पैशाचा विषयच निघत नसे.

वडिलांच्या आजारपणातली एक गोष्ट मला औषधांपेक्षाही मोठी वाटते. त्यांना खोकल्याची ढास लागली की डॉक्टर सर्टिफिकेट लिहून द्यायचे आणि बजावायचे, आठवडाभर खात्यात पाऊल टाकायचं नाही. वडील 'सिक'वर जायचे. त्या दिवसांचे पैसे, पूर्ण नाही तरी पगाराच्या निम्म्याच्या आसपास, योजनेच्या लोकल ऑफिसात मिळायचे. आई त्यात घर भागवायची. वाण्याची उधारी वाढायची, पण चूल थांबत नव्हती. क्षयासारखं मोठं दुखणं असेल, तर हा भत्ता आणखी लांबवायची सोय होती. आजारी माणसाला अंथरुणावर पडून राहता येणं हाही उपचाराचाच भाग आहे, हे त्या योजनेच्या रचनेतच होतं.

ही रचना आकाशातून पडली नव्हती. १९४३ साली प्रा. बी. पी. आदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचं काम आलं आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल तयार झाला. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. १९४८ मध्ये कायदा झाला, २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली आणि १९५४ मध्ये ती मुंबईत आली. परळचं महात्मा गांधी स्मारक रुग्णालय हे याच योजनेचं. त्याच काळात, १९४६ मध्ये, भोर समितीचा अहवाल आला होता. त्या समितीचा कल वेगळा होता. विमा नको, सरकारने करांच्या पैशातून गावोगाव आरोग्यसेवा उभारावी आणि पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचारांवाचून राहू नये, असं तिचं म्हणणं होतं. म्हणजे सरकारने विमा चालवावा की दवाखाना, हा वाद आजचा नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच तो आपल्यापुढे आला होता, आणि आपण थोडं हे, थोडं ते करत दोन्ही अर्धवट ठेवलं.

गेलेले दिवस सगळे सोन्याचे होते, असं मी म्हणणार नाही. कार्ड नोकरीला बांधलेलं होतं. नाक्यावरच्या हमालाला, घरकाम करणाऱ्या मावशीला, गावाकडच्या शेतमजुराला ते कधीच मिळालं नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कित्येक परत आत गेलेच नाहीत. नोकरी गेली, तशी वर्गणी थांबली आणि कार्डही गेलं. ज्या वयात दुखणी सुरू होतात, नेमक्या त्या वयात. चाळीतले काका-मामा मग केईएमच्या रांगेत केसपेपर घेऊन उभे राहिलेले मी पाहिले आहेत. १९२६ पासून उभ्या असलेल्या त्या महापालिकेच्या रुग्णालयाने गिरणगावाला सांभाळलं, हे ऋण मोठं आहे. तिकडे कामगार विम्याची रुग्णालयंही हळूहळू खंगत गेली. डॉक्टरांच्या जागा रिकाम्या, औषधांचा तुटवडा. २०१८ च्या डिसेंबरात अंधेरीच्या कामगार रुग्णालयाला आग लागून माणसं दगावली.

मधल्या काळात मध्यमवर्गाने आपली वेगळी वाट धरली. १९८६ मध्ये मेडिक्लेम आला. तोही सरकारी कंपन्यांचाच, कारण १९७३ पासून सामान्य विम्याचा सगळा धंदा सरकारकडे होता. १९९९ च्या कायद्यानंतर खासगी कंपन्या आल्या, कॅशलेस आलं, आणि हप्ता वयाबरोबर चढू लागला. आता २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी सरकारने काढला. सरकारने आरोग्य विम्यात पडू नये म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की खासगी पॉलिसीची किंमतसुद्धा सरकारच्या एका निर्णयाने खालीवर होते.

गरिबांसाठी महाराष्ट्रात मोठं पाऊल पडलं ते २ जुलै २०१२ रोजी. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी राज्यभर गेली. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारतशी तिची सांगड घातली गेली, आणि आता राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी ही मर्यादा पाच लाखांची आहे. माझ्या वडिलांच्या पिढीला हे कल्पनेतही आलं नसतं.

माझ्या मेव्हण्याची अँजिओप्लास्टी याच योजनेत झाली. तो रिक्षा चालवतो. रुग्णालयाच्या दारातच योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राचं टेबल होतं. निळ्या शर्टातल्या एका तरुण मुलीने रेशनकार्ड आणि आधार घेतलं, फोटो काढला, कागद संगणकावर चढवले, आणि त्याच्या बायकोला, माझ्या ताईला, म्हणाली, "मावशी, पैशाचं मनात आणू नका, मंजुरी आली की लगेच घेतील." तसंच झालं. एक रुपया न देता माणूस जिवंत घरी आला. ज्या घरात अशा वेळी मंगळसूत्र गहाण पडायचं, तिथे ते पडलं नाही. या योजनेला नावं ठेवणाऱ्यांनी आधी एवढं मान्य करावं.

पण घरी आल्यावरचं काय? सुरुवातीच्या ठरावीक दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. रक्त पातळ करण्याची, कोलेस्टेरॉलची, रक्तदाबाची औषधं मात्र कायमची. ती तो कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणतो, आणि महिनाअखेरीस पट्टीतली एखादी गोळी वाचवतो. डॉक्टरांनी रिक्षा काही आठवडे बंद ठेवायला सांगितली होती. रिक्षा बंद म्हणजे कमाई बंद. फायनान्सचा हप्ता मात्र चालूच. त्याने सांगितलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी पुन्हा हँडल धरलं. माझ्या वडिलांना साध्या खोकल्यासाठी जी सुट्टी मिळत होती, ती याला हृदयाच्या झटक्यानंतरही मिळाली नाही.

तेव्हाच्या आणि आताच्या व्यवस्थेतला खरा फरक मला इथे दिसतो. तेव्हाची योजना थोड्यांची होती, पण माणसाच्या सबंध आजारपणाकडे बघत होती: नाक्यावरचा डॉक्टर, रोजची गोळी, बुडालेली मजुरी. आताची योजना सगळ्यांची आहे, पण मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाला ओळखते. मधुमेहाची गोळी वेळेवर मिळाली असती तर जो पाय वाचला असता, तो कापायची वेळ आल्यावरच तिचं दार उघडतं. सरकारने स्वतः दवाखाने चालवायचं काम मागे टाकून खासगी रुग्णालयांची बिलं चुकती करायचं काम पुढे घेतलं आहे. रुग्णालयं म्हणतात पॅकेजचे दर परवडत नाहीत, पैसे उशिरा येतात. म्हणून काही योजनेत येतच नाहीत. मग तालुक्याचा रुग्ण योजनेतलं रुग्णालय शोधत जिल्ह्याला जातो.

काही चांगल्या गोष्टीही घडताहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. मुंबईत वस्त्यांमधून 'आपला दवाखाना' सुरू झाले. आमच्या पॅनल डॉक्टरचं काम पुढे नेऊ शकतील असे तेच आहेत. फक्त तिथे रोज डॉक्टर बसला पाहिजे आणि खिडकीवर 'बाहेरून आणा' हे ऐकू येता कामा नये.

सरकार या क्षेत्रात असावं की नसावं, या चर्चेत आता वेळ घालवू नये. ते आहे, आणि असलंच पाहिजे. मागायचं आहे ते एवढंच, की पाच लाखांच्या आकड्यापुढे जाऊन दोन गोष्टी योजनेत घ्या: दीर्घ आजारांची रोजची औषधं, आणि असंघटित कामगाराच्या आजारपणातल्या दिवसांची भरपाई. संघटित कामगाराला महिना २१,००० रुपये पगारापर्यंत ईएसआयमध्ये आजही वर्षाला ९१ दिवस, पगाराच्या ७० टक्के दराने असा भत्ता मिळतो. रिक्षावाल्याला, बांधकामावरच्या बाईला, घरोघरी पार्सल पोचवणाऱ्या पोराला तो का मिळू नये? आमदार-खासदार मत मागायला दारात येतील तेव्हा हाच प्रश्न त्यांना विचारा.