मुन्नीचे कागद

मुन्नीला आम्ही पाळायला आणले नव्हते. एका पावसाळ्यात ती भिजत आमच्या तिवशाच्या घराच्या ओसरीवर आली आणि राहिली. नातीने बशीत दूध दिले, तेव्हापासून ती नातीची झाली. मांजराने तोंड लावले तरी पाणी नापाक होत नाही, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मांजराच्या लळ्यामुळेच ज्यांना अबू हुरैरा हे नाव पडले, त्यांची गोष्टही घरात सांगितली जायची. त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

पुढे जावयाला इंग्लंडमध्ये नोकरी लागली. लेक आणि नात तिकडे गेल्या, मुन्नी आमच्याजवळ राहिली. दर रविवारी फोनवर एकच प्रश्न, "नाना, मुन्नी कब आएगी?" आम्हा दोघा म्हाताऱ्यांना तेवढीच सोबत होती. तरी नातीला नाही म्हणवेना.

आधी रेबीजची लस टोचून घेतली आणि काम झाले असे समजून बसलो. मग कळले की चिप बसवण्याआधीची लस धरत नाहीत. मुन्नीला अमरावतीला नेले. मानेजवळ कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवली, तिचा पंधरा आकडी नंबर लिहून घेतला आणि पुन्हा लस दिली. त्यानंतर ३० दिवस थांबून रक्त घेतले आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवले. लसीचा गुण रक्तात किमान ०.५ एकक दिसावा लागतो; तो दिसला. पण ब्रिटनने सवलत दिलेल्या देशांच्या यादीत भारत नाही, म्हणून रक्त घेतल्या दिवसापासून आणखी तीन महिने थांबायचे. घाई केली तर तिकडे चार महिन्यांपर्यंत कोंडून ठेवतात. शेवटचे आरोग्य प्रमाणपत्र पोहोचण्याआधीच्या १० दिवसांतले हवे. शिवाय मालकाचा आणि जनावराचा प्रवास पाच दिवसांच्या अंतरात झाला पाहिजे, नाहीतर तो व्यापार समजतात. म्हणून लेकीच्या सुट्टीशी सगळ्या तारखा जुळवल्या. मुंबईच्या पशू संगरोध केंद्राचे काम उरकले आणि मुन्नी पिंजऱ्यातून, मालाच्या कक्षात बसून गेली.

या सगळ्यात एक गोष्ट मनाला लागली. डॉक्टरांनी मुन्नीचे दात पाहून वय लिहिले, ते सगळीकडे चालले. आमचे तसे नाही. आम्हा दोघांचीही जन्मतारीख शाळेतल्या गुरुजींनी १ जुलै लिहून टाकलेली. नानीच्या नावापुढे एका कागदावर 'बी', दुसऱ्यावर 'बेगम', तिसऱ्यावर काहीच नाही. आजवर अडले नाही म्हणून आम्ही कधी दुरुस्त केले नाही. आपल्या मोहल्ल्यात किती घरांत हीच गत आहे! जनावराच्या एका नंबरासाठी सहा महिने धावलो, आणि घरच्या बाईच्या नावासाठी आयुष्यभर एक दिवस काढला नाही, याची लाज वाटली.

मुन्नी सुखरूप पोहोचली. ओसरीवरची बशी नानीने अजून उचललेली नाही. परवाच्या रविवारी नातीने नवा प्रश्न विचारला, "नाना, आप दोनो कब आएंगे?"

सोमवारी सकाळी आम्ही नानीचे सगळे कागद पिशवीत भरले आणि तहसीलचा रस्ता धरला.