हरलेल्या दाव्याचा खर्च

भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये माझ्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. पॉवर प्रेसला गार्ड नव्हता. पत्रा हातानेच डायमध्ये सरकवावा लागे. भरपाईचा दावा मी हरलो. बोटांबद्दल लोक अजून विचारतात, दाव्याने घर किती खाली बसलं ते कोणी विचारत नाही. म्हणून ते लिहितोय.

तेव्हा 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागू होता. एका हाताची तीन बोटं गेली की कमाईची ताकद 30 टक्के घटली, असं त्याच्या परिशिष्टात धरलं होतं. माझं वय 35, पगार 14 हजार. वकिलांनी मांडलेला हिशेब जवळपास पाच लाखांचा होता.

मालकाने लेखी जबाबात सांगून टाकलं, हा आमचा कामगारच नाही. पगार ठेकेदार रोख द्यायचा, हजेरीकार्ड त्याच्याचकडे. ठेकेदाराच्या माणसासाठीही मूळ मालक जबाबदार धरता येतो, पण मी त्या मशीनवर होतो हे आधी दाखवायला हवं ना! सुपरवायझरने दवाखान्यात ‘गावी कडबाकुट्टीत हात गेला’ असं सांगितलं होतं, आणि केसपेपरवर तेच उतरलं. मला उचलून नेणारा शेजारच्या मशीनवरचा मुलगा साक्षीला आला नाही. त्याला मी दोष देत नाही. त्याचं पोट त्याच गेटच्या आत होतं.

अर्ज करायला फारसा पैसा लागत नाही, पुरावा उभा करायला लागतो. डॉक्टरांना साक्षीला आणायचं तर त्यांचा खर्च, टायपिंग, झेरॉक्स, प्रत्येक तारखेला बुडालेली मजुरी. वकिलांची फी वेगळी. निकालावर टक्केवारी ठरवायला वकिलांना नियमानेच मनाई आहे, त्यामुळे हरलो तरी फी देणं आलंच. बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण पडल्या त्या या खर्चासाठी, उपचारासाठी नव्हे.

निकाल आला: मालक-कामगार नातं सिद्ध होत नाही, अर्ज नामंजूर, खर्चाबाबत हुकूम नाही. मालकाचा खर्च माझ्यावर घालण्याचा अधिकार दावा ऐकणाऱ्या आयुक्तांना होता, तो त्यांनी वापरला नाही, एवढाच दिलासा. हायकोर्टात अपील फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावर चालतं. आमचं भांडण पुराव्याचं. तिथे थांबलो.

हजेरी आणि पगाराच्या नोंदी ठेवायचं काम मालकाचं. त्या नसतील तर माणूस आपला नव्हता हे मालकानेच सिद्ध करावं. ते ओझं बोटं गेलेल्या माणसावर टाकणं अन्याय आहे, असं मी ठामपणे म्हणतो.

औद्योगिक कामगाराला 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळू शकतो, हे मला पतसंस्थेचे हप्ते फेडताना कळलं. तुमच्या घरात असा अपघात झाला तर केसपेपरवर काय लिहिलंय ते त्याच दिवशी वाचून घ्या. आणि वकीलपत्रावर सही करण्याआधी 15100 या नंबरवर फोन करा, नाहीतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस गाठा.