किल्ल्यांचा जुडगा

सन २००६ च्या ऑगस्टात तापीमाई सुरतेत शिरली, तेव्हा आमच्या शाळेची हस्तलिखिते पाण्यात गेली. उन्हात वाळवून जी पाने वाचली, त्यांची छायाचित्रे माजी विद्यार्थी पुढे 'क्लाउड'मध्ये, म्हणजे भाड्याने घेतलेल्या दूरस्थ संगणकाच्या डिस्कवर, ठेवू लागले. खानदेशातून यंत्रमागांवर आलेल्या कामगारांच्या मुलांचे ते कोवळे अक्षर आहे.

परवा ती डिस्क भरली. नवी पाने चढेनात. आम्ही तिचा आकार वाढवू गेलो, तो उत्तर आले : आपणांस अधिकार नाही! ज्याच्या सहीवाचून शाळेत खडूची पेटी हलत नाही, त्यास हे उत्तर! आम्ही रागावून संकेतशब्द दोनदा बदलला. व्यर्थ.

अखेर या व्यवस्थेच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या, पुण्यास असलेल्या माजी विद्यार्थ्यास फोन केला.

"सर, संदेश शेवटपर्यंत वाचलात का?"

सातवीच्या वर्गात हाच प्रश्न आम्ही त्याला उताऱ्यावरून विचारीत असू! वाचला. कोणी मागितले, कोणत्या डिस्कसाठी आणि कोणती परवानगी उणी, सारे त्यात होते. आम्हांस डिस्क पाहण्याची मुभा होती, वाढविण्याची नव्हती. त्याने आधी डिस्कची नक्कल घेतली, मग त्या एकाच डिस्कपुरती परवानगी आमच्या नावे जोडली. डिस्क वाढली, यंत्र मात्र जुनाच आकडा दाखवी. खोली मोठी झाली, फडताळे जुनीच! आतील फाइल-रचना निराळी वाढवावी लागते आणि त्यास त्या यंत्राचा निराळा अधिकार लागतो. तोही त्याने दिला.

"पण ही अडवणूक कशासाठी?"

"सर, अशी डिस्क वाढविता येते, पुन्हा लहान करता येत नाही. शिवाय दरमहा भाडे वाढते."

आम्ही निरुत्तर झालो. शाळेच्या कपाटांच्या किल्ल्या आम्ही तरी सर्वांस कोठे देतो? त्यात अविश्वास नसतो. ज्याचे काम, त्याची किल्ली. सॉल्टझर व श्रोडर या अमेरिकन संशोधकांनी १९७५ साली संगणकासाठी हेच तत्त्व मांडले होते : अधिकार कामापुरताच असावा.

पाने चढली. मग आम्ही आपण होऊन ती परवानगी परत केली. मात्र सारा जुडगा एकाच हाती नको, म्हणून आणखी एका माजी विद्यार्थिनीस किल्ल्यांत वाटेकरी केले आणि दोघांचीही नावे शाळेच्या वहीत लिहून ठेवली. पुरातून वाचलेली पाने किल्लीवाला न सापडल्यामुळे हरवू नयेत, एवढीच इच्छा.