राज्य न मागणारे

पाचव्या शतकात अँगल आणि सॅक्सन उत्तर समुद्र ओलांडून ब्रिटनच्या किनाऱ्याला लागले. दंतकथेत हेंगिस्ट आणि होर्सा हे भाऊ तीन गलबतं घेऊन उतरतात, आणि केंटची गादी उभी राहते. मग एसेक्स, ससेक्स, वेसेक्स. सॅक्सनांनी जिंकलेल्या जमिनीला आपलंच नाव दिलं.

आपल्या कोकणातल्या नवगावला ज्यूंचं गलबत फुटलं, तेव्हा म्हणे सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बुडालेल्यांना तिथंच मूठमाती दिली. वाचलेल्यांनी कोट बांधला नाही, गादी मांडली नाही, घाणा घातला. शनिवारी तो बंद, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. राज्यं करणारे दुसरे होते. ठाण्याच्या शिलाहारांचा शेवटचा राजा सोमेश्वर यादव महादेवाशी लढताना समुद्रात बुडाला आणि साडेचारशे वर्षांची सत्ता संपली. नवगावची दंतकथा खरी मानली, तर त्या दिवशीही कुठल्याशा आळीत घाण्याचा बैल फिरतच असेल.

या बेने इस्रायलांनी जमिनीला नाव दिलं नाही, तिचंच घेतलं: पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर. प्रार्थना हिब्रू, भांडण मराठी. नवस एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याला, आणि मलिद्याच्या ताटात पोहे, ओलं खोबरं, गूळ.

पनवेल, तुझ्या बाजारपेठेजवळ 1849 चं बेथ एल सिनेगॉग अजून उभं आहे. पुण्या-मुंबईच्या वाटेवरचं तू गाव. येणारे-जाणारे तुला नवे नाहीत. पण 1948 नंतर हे लोक निघाले ते मुक्कामाला परतण्यासाठी नव्हे. तू त्यांना कधी विचारलं नव्हतंस, तुम्ही कोण? ते विचारलं त्यांच्या हक्काच्या म्हणवल्या जाणाऱ्या देशानं, इस्रायलनं. लग्न लावायचं तर आधी ज्यूपण सिद्ध करा, म्हणाले तिथले धर्मगुरू. इतक्या पिढ्या ज्यांनी कुणाचं राज्य मागितलं नाही, त्यांना स्वतःच्या राज्यात रस्त्यावर बसावं लागलं. 1964 मध्ये तिथल्या संसदेनं त्यांना पूर्ण ज्यू मानलं. मला त्या पुरावा मागण्याचा अजून राग येतो.

सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. कोकणातल्या सिनेगॉगांत आता ते मोजावे लागतात. तिकडे इस्रायलमध्ये दिमोना, लोद, अशदोदच्या दारांवर मात्र पेणकर आहेत, रोहेकर आहेत. त्यांच्या नातवंडांपैकी कित्येकांनी पेण पाहिलेलंही नसेल.