आडनावाची सवलत

पेगी मॅकिन्टॉश या अमेरिकेतील गोऱ्या अभ्यासक बाई. कातडीच्या रंगामुळे आपल्याला रोज काय काय न मागता मिळते, याची त्यांनी १९८९ साली यादीच छापली. दुकानात आपल्यावर कोणी पाळत ठेवत नाही, हवे तिथे घर भाड्याने मिळते, अशी ती यादी. परभणीत बसून ती वाचताना नाव ऐकून खोली नाकारली गेलेली, पुण्यात शिकणारी आपली मुले आठवतात. आपण या यादीच्या बाहेर उभे आहोत, हे लगेच कळते.

पण आम्ही सय्यद. आपल्याच लोकांत आम्ही यादीच्या आत आहोत. रिश्त्याच्या बोलण्यात आमचे आडनाव ऐकले की पुढची चौकशी थांबते. बागवान, कुरेशी, पिंजारी यांच्या मुलीने बी.एड. केले तरी पहिला प्रश्न बापाच्या धंद्याचाच असतो.

बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तानवरील पुस्तकात १९०१ च्या बंगालच्या जनगणनेतील नोंद दिली आहे : मुसलमानांत अश्रफ, अजलफ, अरजल असे थर, आणि अरजलांना मशिदीत व सार्वजनिक कब्रस्तानात मज्जाव. बंगाल दूर आहे म्हणावे, तर जालना शेजारीच. तिथल्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमार यांनी तिला साथ दिली, आणि १९९४ च्या शासननिर्णयाने या जातींना दाखले मिळण्याची वाट मोकळी झाली.

इस्लाममध्ये जात नाही, हे खरेच. अखेरच्या हजच्या खुत्ब्यात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तक्व्याशिवाय कुणालाच श्रेष्ठ मानले नाही, गोऱ्याला काळ्यावर नाही, अरबाला गैरअरबावर नाही. पण सय्यदाने हे नुसते बोलून दाखवायला काहीच खर्च येत नाही. खर्च येतो तो सोयरिकीच्या वेळी.

आमच्या मुलीसाठी सध्या स्थळे पाहणे चालू आहे. तिच्या बायोडाटात रंग आणि बिरादरी हे रकाने आम्ही ठेवलेले नाहीत. दादीजान नाराज आहेत. गंगाखेडच्या मामूंनी निकाहला न येण्याचा निरोप धाडला आहे. त्यांचे येणे आम्हाला हवेच आहे, म्हणून बोलणे चालू ठेवले आहे.

या जुम्म्याला मानवतचे एक पिंजारी कुटुंब येणार आहे. मुलगा शिक्षक आहे. मुलीचे दोन प्रश्न तयार आहेत : नमाजची पाबंदी आहे का, आणि मला पुढे शिकू द्याल का?