‘मळ’ म्हणजे मोळी

सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावर पहिली-दुसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. दिवाळी उरकली की ऊसतोडीच्या गाड्या लागतात. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. आई-बाप कोयत्यावर जातात. पोरगं सोबत जातं, नाहीतर आजीपाशी राहतं. राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते. जाणाऱ्यांचं लिहिणं मात्र हात बसायच्या ऐन वेळेला तुटतं.

आमच्याकडं लेखन म्हणजे फळ्यावरचं उतरवून काढणं. पोरं ते झकास करतात. पान भरलं की पालक खूश, साहेब खूश. पण फळा पुसून ‘तुझ्या मनातलं लिही’ म्हणा, पेन्सिल जागची हलत नाही. त्यात घरी बंजाऱ्यांची गोरमाटी बोली, शाळेत मराठी. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी वंचित वस्त्यांतल्या मुलांच्या वाचन-लेखनासाठी आयुष्य वेचलं, ते उगाच नाही. मी आता बाराखडी पुरी व्हायची वाट बघत नाही. चार-सहा अक्षरं आली की काना द्यायचा, चित्र काढायला लावायचं आणि त्याखाली येईल तसं लिहू द्यायचं.

हंगाम संपवून परतलेल्या एका मुलीनं ट्रॅक्टर काढला. मागं ट्रॉली, तिच्यावर उभ्या-आडव्या रेघा. खाली लिहिलं : ‘मळ’.

“काय लिहिलं गं?”

“मोळी, सर.”

मी खोडलं नाही. ‘मो... ळी’ असं लांबवून म्हणालो. तिनंही म्हटलं, ओठ गोल झाले तसं ‘म’कडं बघितलं आणि काना ओढला. मात्रा पुढच्या आठवड्यात आली. वेलांटी आली तीही ऱ्हस्व. येऊ दे. आधी व्यंजनं ऐकू येतात, स्वर मागून येतात. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब तिसरीत बघू.

तपासणीला आलेल्या एका साहेबांनी वही उलटून विचारलं, “हे अशुद्ध कसं चालवता?” मी त्यांना आधीची पानं दाखवली : नुसतं ‘मळ’, मग ‘माळ’, मग ‘मोळि’. त्यांनी सही केली. शेरा काही लिहिला नाही.

वर्गात मात्र वाद पेटला. शेजारचा पोरगा म्हणाला, ट्रॉलीवर मोळी नाहीच, वाढं हाय. शेंडे हिरवे दाखवलेत. ती म्हणाली, हिरवा खडूच उरला होता. त्यानं तिच्या चित्राखाली ‘वड’ लिहिलं. तिनं ते खोडून खाली लिहिलं : ‘माझि मोळि’.